आंबा घाटात ब्रेक मऊ पडला म्हणून मोठं ब्रेक किट बसवायचं का?

दादा, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते बाकीच्यांनाही कळेल. गाडी डिझेल ऑटोमॅटिक क्रॉसओव्हर, सव्वाचार वर्षं जुनी, ५२ हजार किलोमीटर, पुढं डिस्क मागं ड्रम. तुम्ही दोघं, दोन पोरं, आई आणि डिकी भरून सामान, आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला चालला होता. घाट सगळा डी मध्येच उतरला. साखरप्याच्या अलीकडं जळका वास आला आणि पेडल मऊ होऊन पार खाली जायला लागलं. तुम्ही गाडी कडेला घेतली, पाऊण तास थांबलात, नंतर ब्रेक नीट लागला आणि तिथनं पुढं काही त्रास नाही. आता कुणीतरी सांगितलंय की पुढं मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग) असं किट बसवा, लाखाच्या वर खर्च आहे, आणि हातासरशी मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क करून घ्या. तर करू का, असं विचारताय.

करू नका. निदान आत्ता तरी नको. त्या किटमधनं तुम्हाला जे मिळेल असं वाटतंय ते मिळणार नाही आणि जे खरं बिघडलंय ते तसंच राहील.

मी उद्यमनगरात २२ वर्षं हेच काम करतोय. आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, कोकणात उतरायचं म्हटलं की कोल्हापूरकराला घाट काय चुकत नाही, त्यामुळं घाटात ब्रेक तापवून आलेल्या गाड्या आमच्या दारात बाराही महिने असतात. गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं असताना पेडल खाली जातं तेव्हा माणसाची काय अवस्था होती ते मी त्यांच्या तोंडावर बघितलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुम्ही पेडल मऊ झालं का कडक राहिलं हे नीट लिहिलंय ते फार बरं केलं, सगळं निदान त्यावरच आहे. घाटात ब्रेक जातो तो दोन तऱ्हेनं जातो. एक म्हणजे पेडल जागच्या जागी कडक लागतंय, पण पाय कितीही रेटला तरी गाडी म्हणावी तशी थांबत नाही आणि वास मारतो. तिथं पॅड प्रमाणाबाहेर तापलेला असतो, त्याची डिस्कवरची पकड गेलेली असती. दुसरी तऱ्हा तुमची, पेडल स्पंजासारखं मऊ, दाबू तसं खाली, दोन-तीनदा पंपिंग केलं की थोडं वर येतंय. तिथं ब्रेक ऑइल उकळलेलं असतंय. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर नळीतनं चाकापर्यंत पोचतो, पण ते कॅलिपरमध्ये उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ मात्र दाबली जाती, मग तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो. थंड झालं की वाफ परत विरघळून ऑइलचं ऑइल होतं आणि पेडल नीट लागतं. म्हणून पाऊण तासानं तुम्हाला वाटलं की दुखणं गेलं. गेलेलं नाही, पुढच्या घाटात ते परत होणार, आणि या खेपेपेक्षा लवकर होणार.

आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते ग्लायकॉलपासनं बनलेलं असतंय आणि पावसाळ्यात मीठ जसं ओल धरतं तसं ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणातनं, रबरी होजच्या (नळीच्या) अंगातनं ओलावा थोडाथोडा आत शिरतोच, गाडी उभी असली तरी. आता आकडे बघा. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत. डॉट ३ नवीन असताना कमीत कमी २०५ डिग्रीला उकळलं पाहिजे असा नियम आहे, आणि त्यात ३.७ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ ला हेच २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. म्हणजे तुमच्या टाकीत डॉट ४ असलं तरी चार पावसाळे काढल्यावर ते नव्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळायच्या तयारीत असतंय. तुम्हीच लिहिलंय की सर्व्हिसिंगला नुसती लेव्हल बघून टॉप अप करतात. वरनं शंभर मिली नवं ओतून कॅलिपरमधलं जुनं ऑइल बदलत नाही दादा, ते तिथंच राहतं, आणि उकळतं ते कॅलिपरमधलंच. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदला असं लिहिलेलं असतंय, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि सर्व्हिस सेंटरवाला आपणहून सांगत नाही, असं ते राहून जातं.

तर पहिलं काम, सगळं ऑइल काढून नवं. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४, आणि डॉट ४ च्या पुढं एलव्ही किंवा क्लास ६ असं लिहिलं असेल तर तेच आणा, ते थंडीतही पातळ राहतं आणि ईएससीच्या (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) पंपाला आणि बारीक व्हॉल्व्हना ते पातळच लागतं. डॉट ५.१ चालतं का असं बरेच जण विचारतात, तर ते डॉट ४ मध्ये मिसळायला चालतं आणि घाटात वरचढही आहे, पण वेळेवर बदललं तरच. नुसतं डॉट ५ मात्र वेगळं, ते सिलिकॉनचं, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत घालायचं नाही, नावात एका टिंबाचा फरक म्हणून दुकानातनं चुकीचा डबा आणलेला मी बघितलाय. डबा सीलबंद पाहिजे, गॅरेजच्या फळीवर सहा महिन्यांपासनं उघडा पडलेला लिटरचा डबा नको, त्यानं तिथंच पाणी प्यायलेलं असतंय. काम तुमच्यासमोर करून घ्या. ब्लीडर निप्पलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडलेली दिसली पाहिजे, आतनं आधी कोऱ्या चहासारखं काळपट येतं आणि मग एका क्षणी फिकट पिवळं स्वच्छ यायला लागतं, तोवर थांबायचं नाही. चारी चाकांना. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर एबीएसच्या युनिटमध्ये हवा धरती आणि मग ती काढायला स्कॅनर लावायला लागतो. अंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, पेंट खातं ते.

आता दुसरं काम, आणि माझ्या मते हेच लोकांकडनं सगळ्यात जास्त राहून जातं. कॅलिपरच्या पिना. तुमच्यासारख्या गाड्यांना पुढं एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूनं दाबतो, आणि बाहेरचा पॅड डिस्कवर बसायला सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून यावा लागतो. त्या पिना अडकल्या की संपलं, सगळं काम एकटा आतला पॅड करतो, आणि पाय सोडला तरी पॅड नीट मागं येत नाही, डिस्कला घासत राहतो, घाटाच्या आधीच ती तापलेली असती.

गेल्याच महिन्यात अशीच एक गाडी आली, गगनबावड्याकडनं येणारी, रोज कळे ते कोल्हापूर जाणं-येणं. तक्रार एवढीच की घाटात डाव्या चाकाचा वास येतो. चाक काढलं, डिस्कची बाहेरची बाजू बऱ्यापैकी, आतली बाजू जळून निळसर झालेली. १४ नंबरच्या पान्ह्यानं खालचा बोल्ट सोडला आणि कॅलिपर वर उचलायला गेलो तर हलंना. हातोडीच्या दांड्यानं ठोकून ठोकून वर घेतला. बाहेरच्या पॅडला ८ मिलीमीटर माल शिल्लक, आतल्याला २ सुद्धा नाही. खालची पिन पकडीनं फिरवत बाहेर ओढली तर तिच्यावर लाल माती आणि वाळलेलं ग्रीस यांचा मिळून एक थर, अंगठ्याच्या नखानं खरवडला तर पापडी निघाली. रबराचं बूट, म्हणजे पिनेवरचं टोपण, एका बाजूला फाटलेलं, तिथनं चार महिने पाऊस आत जात होता. पिन घासून साफ केली, भोक साफ केलं, नवीन बूट, त्यावर सिलिकॉनचं रबराला चालणारं ग्रीस, आणि मग कॅलिपर एका बोटानं सरकायला लागला. साधं पिवळं चेसिसचं ग्रीस तिथं लावायचं नाही, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत जॅम होती. आणि काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडलेला दिसला तर त्या पोराला तिथंच सांगा की तारेनं स्प्रिंगला बांध, होज आतनं फाटतो आणि बाहेरनं काही दिसत नाही.

त्या गाडीच्या मालकालाही कुणीतरी मोठ्या डिस्कचा सल्ला दिलाच होता. दोन रबरी बूट, ग्रीस, पॅडचा सेट आणि ऑइल, एवढ्यात विषय मिटला.

ज्यांची गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभी होती, किंवा ज्यांनी त्यानंतर आपल्या भागातनं सेकंडहँड गाडी घेतली आहे, त्यांनी तर चारी चाकं उघडून बघाच. पंचगंगेचा गाळ ड्रममध्ये शिरला की वाळून सिमेंटसारखा बसतो, व्हील सिलिंडर आणि पिना आतनं गंजतात, आणि वरनं गाडी चकाचक धुतलेली असती.

आता मोठ्या किटकडं येतो. मोठी डिस्क गाडीला लवकर थांबवती हा समज कसा झाला कुणास ठाऊक. तुम्ही एक करून बघा, रिकामा सरळ कोरडा रस्ता, मागंपुढं कोणी नाही बघून ५० च्या स्पीडला ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबा. पायाखाली कडकडकड असं एबीएस लागलं ना, म्हणजे तुमच्या आहे त्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोर आत्ताच आहे, आणि त्याच्यापुढं रस्त्याला धरायचं काम टायरचं आहे. एप्रिल २०१९ पासनं आपल्याकडं सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं तुमच्या गाडीला ते आहेच. कॅलिपरला चार पिस्टन लावा नाहीतर सहा, टायर सुटायच्या हद्दीपलीकडं ब्रेक लागून उपयोग नाही, एबीएस तो जोर कमीच करणार. म्हणजे एका झटक्यात थांबायचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरला घाला.

आणि तुमचे टायर अजून कंपनीचेच आहेत ना, ५२ हजार चाललेले? साइडला डॉट म्हणून लिहिलेलं असतंय, त्याच्या शेवटी चार आकडे, २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कायद्यानं खाच १.६ मिलीमीटर चालती, पण भर पावसात शिरोली पुलाजवळ हायवेला पाणी साचलेलं असताना १.६ वर मी माझी स्वतःची गाडी चालवणार नाही, ३ च्या खाली आली की बदला. आणि टायर बदलताना मोठी अलॉय आणि जाड टायर घालायचा मोह टाळा. चाकाचा घेर वाढला की तोच ब्रेक तेवढ्याच जोरानं दाबूनसुद्धा रस्त्यावर कमी पडतो, शिवाय चाक जड. दिसायला गाडी छान दिसती, मान्य आहे, पण ब्रेकच्या दृष्टीनं ती पाऊलभर मागं गेलेली असती.

मग मोठ्या डिस्कचा फायदा कशात, तर उष्णता पोटात घेण्यात. हा हिशोब एकदा समजून घ्या. गाडी माणसांसकट १६०० किलो धरा. १०० च्या स्पीडवरनं पूर्ण थांबवायची म्हणजे ब्रेकमध्ये साधारण ६१७ किलोज्यूल उष्णता जाती. आणि तीच गाडी ५०० मीटर उंचीवरनं खाली उतरवायची, नुसती, स्पीड न वाढवता, तर ७८०० किलोज्यूलच्या वर. म्हणजे पाठोपाठ बारा-तेरा वेळा १०० वरनं कचकन थांबवल्यासारखं. वाऱ्यात आणि टायरमध्ये थोडं जातं, राहिलेलं एकतर इंजिन खातं नाहीतर ब्रेक खातो. तुम्ही डी मध्ये ठेवून सगळं ब्रेकला खायला लावलं, आणि ब्रेकमध्ये चार वर्षं पाणी प्यायलेलं ऑइल. मोठी डिस्क लावली असती तर कदाचित साखरप्याऐवजी दोन किलोमीटर पुढं उकळलं असतं, एवढाच फरक.

एक गोष्ट मनात घर करून आहे ती सांगतो. एका गिऱ्हाइकानं बाहेरगावी एका दुकानातनं असंच किट बसवून घेतलं, मोठी डिस्क, लाल कॅलिपर, काम दिसायला सुबक. जुलैमध्ये करूळ घाटात रात्री पुढचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, ती कंपनीची लोखंडी रिम, एक इंच लहान, आणि ती त्या मोठ्या कॅलिपरवरनं बसतच नाही. घरची माणसं धुक्यात आणि पावसात गाडीत बसून, आणि त्याचा मला फोन. आमचा पोरगा पंक्चरचं सामान घेऊन इथनं गेला तेव्हा कुठं पहाटे गाडी हलली. बसवणाऱ्यानं स्टेपनीचा विषयच काढला नव्हता. तेव्हापासनं कुणी किटचं नाव काढलं की मी आधी डिकीतली स्टेपनी बघायला जातो.

मागचे ड्रम काढून डिस्क करायचं तर मी स्पष्ट नाही म्हणेन. जोरात ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं येतं, पुढची चाकंच सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम करतात, मागच्या ड्रमला तुमच्या गाडीत काही कमी नाही. ईबीडीचा (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) हिशोब कंपनीनं ड्रम धरून बसवलेला असतो, मास्टर सिलिंडर किती ऑइल ढकलतो तेही ड्रमच्या हिशोबानं, शिवाय हँडब्रेक, एबीएसचा सेन्सर, हब हे सगळं बदलायला लागतं. आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाल्याला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. त्यापेक्षा ड्रम उघडून साफ करून घ्या, आतला ॲडजस्टर फिरतो का बघा, तो अडकला की लायनर (ड्रमला आतनं घासणारे पट्टे) लांब राहतात आणि हँडब्रेक दोन-तीन दात जास्त वर येतो. धूळ हवा मारून उडवू नका, श्वासात जाती, ब्रेक क्लीनर मारून ओली पुसायची.

डिस्कबद्दल. डिस्क बिडाची असती, ग्रे आयर्न, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी ज्याच्यावर आपलं गाव उभं केलंय तेच बीड. त्याच्या पोटात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात, त्या उष्णता पटकन पसरवतात आणि आवाज, थरथर गिळतात, म्हणून इतक्या वर्षांनीही सर्वसाधारण गाडीला बिडाला तोड नाही. डिस्कच्या कडेवर किंवा हबच्या बाजूला किमान जाडी कोरलेली असती, नवी २२ मिलीमीटरची असेल तर बहुधा २० च्या आसपास असती, तुमच्या डिस्कवर कोरलेला आकडा खरा. व्हर्नियर नको, मायक्रोमीटर लावून बघायला सांगा, कारण कडेला न घासलेली धार उभी राहती आणि व्हर्नियर तिच्यावर टेकून जास्त जाडी दाखवतो. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर सगळे म्हणतात डिस्क वाकली, प्रत्यक्षात बऱ्याचदा जाडीत ०.०१-०.०२ मिलीमीटर फरक पडलेला असतो, किंवा तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल एका जागी चिकटलेला असतो. आपल्याकडं उद्यमनगरात लेथवर कट मारून डिस्क सरळ करून देणारे चांगले टर्नर आहेत, मी पण देतो पाठवून, पण जाडी भरपूर शिल्लक असेल तरच. तुम्ही भरल्या गाडीनं घाट करणार, तिथं बीड कमी म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी. जाडी काठावर आली असेल तर कट न मारता कंपनीच्या नव्या डिस्क, दोन्ही बाजूंच्या एकदमच. आणि टायरवाल्याकडं चाक बसवताना गननं नट करकचून आवळू देऊ नका, एकाआड एक आवळून शेवटी टॉर्क रेंच, वाकडं आवळल्यानं नव्या डिस्कसुद्धा थरथरायला लागतात.

भोकं पाडलेल्या डिस्क विचारल्या होत्या, त्या नकोत. भोकाच्या कडेनं चिरा जायला सुरुवात होती, आणि जेवढी भोकं तेवढं बीड कमी.

पॅडमध्ये मात्र चार पैसे जास्त गेले तरी चालतील, खरं अपग्रेड म्हणाल तर तुमच्या गाडीला हेच. पॅडच्या कडेला एका लांब नंबरात दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईएफ, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड, दुसरं चांगलं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर समजायचं की तापल्यावर तो पॅड ढिला पडणार. तुम्हाला एफएफ किंवा त्याच्या वरचा, नामांकित कंपनीचा, खोक्यावर तुमच्या मॉडेलचा नंबर असलेला. रेसिंगचे पॅड अजिबात नकोत, ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी सातला पोरांना शाळेत सोडताना राजारामपुरीच्या गल्लीत कोण आडवं आलं तर पॅड तापायची वाट बघायला वेळ नसतो. सिरॅमिकनं चाकावर काळी धूळ कमी बसती, आवाज कमी, तो पण चालेल. नवा पॅड १० मिलीमीटरच्या आसपास असतो, ३ वर आला की बदलायचा, आतला आणि बाहेरचा दोन्ही बघून.

स्टीलच्या जाळीचे होज घातले तर पेडल किंचित घट्ट लागतं, एवढंच. रबरी होज फुगलेले किंवा चिरलेले नसतील तर हात लावू नका.

हे सगळं करूनसुद्धा, म्हणजे ऑइल नवं, पिना मोकळ्या, पॅड चांगले, घाट गिअरवर उतरला, आणि तरीही ब्रेक तापून ढिला पडत (फेड होत) असेल तर मग मोठ्या डिस्कचा विचार जरूर करू. त्यातही बाहेरचं किट घेण्याआधी तुमच्याच कंपनीच्या त्याच प्लॅटफॉर्मवरच्या वरच्या मॉडेलला मोठी डिस्क आहे का ते मी बघेन, रिमला आणि स्टेपनीला बसती का तेही. खरं सांगायचं तर कुटुंबाच्या गाडीत ती वेळ फार क्वचित येती. ऑइल, पॅड, पिना, मजुरी धरून हे काम साधारण किटच्या दहाव्या हिश्श्यात बसतं, चार टायर घेतले तरी निम्म्याच्या आत.

आता घाट उतरायचा कसा. जुने ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतर, ते आजही तसंच आहे. ऑटोमॅटिक असली तरी लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनचा आवाज वाढतो, वाढू दे, त्यानं काही बिघडत नाही. पाय ब्रेकवर हलका ठेवून रखडत उतरू नका. वळणाआधी ठाम दाबा, स्पीड पाडा, पूर्ण सोडा, तेवढ्यात डिस्कला वारा लागतो. न्यूट्रल करून डिझेल वाचतं असं अजून काही लोकांना वाटतंय, उलट गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल तोडतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. आणि उतारावर इंजिन बंद तर कधीच करू नका, बूस्टरमधलं व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबण्यापुरतंच असतंय, मग पेडल दगडासारखं होतं. बूस्टर ठीक आहे का ते घरी बघता येतं, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून स्टार्टर मारा, पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे.

नवे पॅड घातल्यावर त्याच दिवशी घाट नको. पहाटे फुलेवाडीतनं बाहेर पडून बालिंग्याच्या पुढं कळ्याकडं जा, सीझन चालू असेल तर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी, त्यांना मागं दिवा नसतो. ६० वरनं १५ पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०, असं वीसेक वेळा. मग ब्रेक न वापरता दहा-पंधरा मिनिटं चालवत गार करा. वास येईल थोडा, तो नव्या पॅडचा असतो.

आणि मग पुढच्या खेपेला आंबा घाट उतरताना निम्म्यावर, जिथं गाडी बाजूला घेता येते तिथं एकदा थांबा. पी मध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरायचा नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, चिकटवू नका, भाजेल, नुसती धग बघा. दोन्हीकडं सारखी असली तर निवांत पुढं चला. एकीकडं जास्त वाटली तर परत आल्यावर त्याच बाजूचा कॅलिपर उघडायला लावा, पिन नाहीतर पिस्टन, दोन्हीपैकी एक काहीतरी अडकलेलं सापडेल.